पावसाचं पाणी घरात शिरलंय का कधी? अनुभव लिहा

बाभुळबन:
परवा पालिकेचे दोन इंजिनिअर आमच्या गल्लीत आले. मारुतीच्या पारावर चटईएवढा नकाशा पसरला, वाऱ्यानं उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर चपला ठेवल्या. म्हणाले, पाणी कुठून येतं, कुठं तुंबतं ते तुम्हीच खुणा करा. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी विचारायलं म्हणून सगळे एकदम बोलायलेत. मागं बसलेली एक आजी उठली, "बाबा, हितं वढा व्हता. आमी गोधड्या धुयाचो" म्हणून तिनं बोट ठेवलं. नकाशात तिथं नुसते प्लॉट नंबर. दरसाल गुडघाभर पाणी तिथंच असतंय.

मला चौथीतली रात्र आठवली. पोळ्याच्या आदल्या दिवशी पाणी आत आलं. आईनं ज्वारीची पोती पलंगावर चढवली आणि आम्हा भावंडांना पाण्यात उभं केलं. पोरं वाळतेत, ज्वारीला कोंब फुटतेत, असं तिचं म्हणणं.

खुणा करत करत आमच्या दारापाशी आलो. आमचा स्कूटर चढवायचा रॅम्प गटारीवर आहे. गटार दोन फूट रुंद, रॅम्पखालचं नळकांडं सहा इंची. आमच्या दादांनीच टाकलेलं. मी गप बसलो, शेजारच्या काकांनी माझ्यादेखत लाल फुली मारली.

तुमच्याकडं काय झालं?

ज्वारीचं_कणीस:
पोती पलंगावर 😂😂 आमच्या आईनं फ्रीज वाचवला, बाबांचं सर्टिफिकेट गेलं. अजून ऐकवतेत.

वरचा_मजला:
आमच्याकडं पण बोलावलं होतं. सकाळी ११ ला, कामाच्या दिवशी. कोण जाणार? चार रिटायर माणसं गेली, त्यांनी बाकडी मागून घेतली.

बाभुळबन:
@वरचा_मजला आमच्याकडं संध्याकाळी होतं म्हणून तर बाया आल्या. पाणी उपसतंय कोण, त्यांनाच माहीत की.

काळी_माती:
शेतीवाला म्हणून सांगतो. काळी जमीन जूनमधी भेगाळलेली असती, पहिले पाऊस पिऊन टाकती. एकदा फुगली की भेगा मिटतेत, मग थेंब आत जात नाही, सगळं वरूनच पळतंय. म्हणून आपल्याकडं सप्टेंबर वाईट. २०२५ चा सप्टेंबर आठवा. सोयाबीन डोळ्यांदेखत गेलं. नाला जूनच्या पावसावर मापून बांधला तर सप्टेंबरला कमीच पडणार.

गोदाकाठ:
नाही दादा त्या सप्टेंबरचं नका काढू. माहेरचा गोठा वाहून गेला. दोन म्हशी.

काळी_माती:
@गोदाकाठ ताई, वाईट वाटलं. माफ करा.

वॉर्ड_नंबर_बारा:
माहितीसाठी: ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ पासून लागू आहे. ३ लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरात वॉर्ड समित्या असल्याच पाहिजेत. लहान गावांना तशी सक्ती नाही, पण लोकांना विचारू नका असंही कुठं लिहिलेलं नाही. जे ठरलं ते लेखी घ्या, पोच घ्या. नकाशाचा फोटो काढला का?

बाभुळबन:
काढलाय. एका कोपऱ्यात माझी चप्पल आलीय.

पाणचक्कीवाला:
आमच्या संभाजीनगरात मलिक अंबरनं सतराव्या शतकात नहर-ए-अंबरी काढली. जमिनीखालून पाणी, मधी मधी उतरून साफ करायला जागा ठेवलेली. आपण चेंबरवर डांबर ओततो आणि मग चेंबर शोधायला पहार घेऊन फिरतो. खाम नदीवर मात्र अलीकडं बरं काम झालंय, लोकंही उतरले होते. मी एक रविवार गाळ काढला, सोमवारी कंबर गेली.

ज्वारीचं_कणीस:
@पाणचक्कीवाला कंबरेला निरगुडीचा शेक द्या

पाणचक्कीवाला:
दिला. बायकोनं निरगुडी समजून कडुलिंब आणला होता 🙏

लातूरची_लेक:
भाकरी टाकता टाकता लिहायले, चुका पोटात घाला. एप्रिल २०१६ मधी आमच्याकडं मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या फेरीत ५ लाख लिटर. तवा आम्ही कपडे धुतलेलं पाणी संडासला वापरायचो. आता पावसाचं पाणी गटारीतून जाताना बघितलं की जीव तुटतो. आमच्या गल्लीनं बैठकीत तेच मांडलं, सगळं पाणी नाल्याला कशाला, छतावरचं तरी बोअरपाशी जिरवू द्या. साहेब म्हणाले हा विषय आजचा नाही. बरं मग कधीचा

वरचा_मजला:
भाकरी करपली का?

लातूरची_लेक:
एक.

दिवाणखाना:
नाला दरवर्षी मेमधी साफ होतो आणि गाळ काठावरच ठेवतेत. पहिल्या पावसात परत आत. आम्ही बैठकीत एवढंच मागितलं, बाबांनो गाळ त्याच दिवशी उचला. यंदा ट्रॅक्टर आला, खरंच आला. म्हणून यंदा नाल्यातल्या गाद्या मोजता आल्या. ३. गादी कोण टाकतंय नाल्यात??

काळी_माती:
ज्यानं नवी घेतली त्यो

गोदाकाठ:
@बाभुळबन रॅम्पचं काय केलं मग?

बाभुळबन:
काल फोडला. दादा दिवसभर बोलले नाहीत. वर लोखंडी जाळी टाकलीय, उचलून खालचा गाळ काढता येतो.

दिवाणखाना:
जाळीला साखळी लावा. आमच्या दोन भंगारात गेल्या.

बाभुळबन:
मायला. थांबा, बघून येतो.