सायकलवर कॅमेरा न्यायची बॅग आणि घरात कॅमेरा ठेवायची बॅग एकच असावी का?

कवडीपाटचा पांथस्थ (धागाकर्ता)

हिवाळ्यात जवळजवळ दर रविवारी पहाटे मी हडपसरहून सायकलने पुण्याजवळच्या कवडीपाटला, नदीकाठी पक्षी टिपायला जातो. चक्रवाक (नारिंगी रंगाची स्थलांतरित बदकं) आलेले असतात, नदीवर धुकं असतं, आणि एवढ्याशा अंतरासाठी गाडी काढावीशी वाटत नाही. सोबत निकॉन डी५०० कॅमेरा आणि २००-५०० मिमीची लांब पल्ल्याची लेन्स. बॉडी ८६० ग्रॅम, लेन्स २३०० ग्रॅम, म्हणजे तीन किलोच्या वर ऐवज. आजवर चार बॅगा वापरून झाल्या. आता मत पक्कं झालंय ते मांडतो. पटलं नाही तर जरूर भांडा.

"सायकललाही चालेल आणि घरात ठेवायलाही चालेल" अशी एकच बॅग शोधू नका. सायकलवर बॅग घट्ट बंद होणारी आणि जाड फोमची लागते. घरात नेमकं तेच नडतं. फोम घाम आणि ओल धरून ठेवतो आणि बंद कपाटात ती ओल जायला जागाच नसते. मागच्या पावसाळ्यात सहा आठवडे कॅमेरा बॅगेत तसाच राहिला. बाहेर काढला तेव्हा फोमला कुबट वास येत होता. लेन्स मोबाइलच्या टॉर्चसमोर तिरकी धरली, तर आतल्या काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे तंतू. बुरशी. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

म्हणून माझं म्हणणं: न्यायला पाठीवरची बॅग, छातीचा आणि कमरेचा असे दोन्ही पट्टे असलेली. घरी आल्याबरोबर कॅमेरा बाहेर, पुसून हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर (ओल शोषणारे दाणे). बॅग रिकामी, चेन उघडी, पंख्याखाली.

कॅरिअरवाला

डब्याचं मान्य. पाठीचं अजिबात नाही.

तीन किलो पाठीवर घेऊन ड्रॉप हँडलवर (खाली वळलेला दांडा) वाकून बघा. बॅग मानेकडे सरकते, हेल्मेटची मागची कड तिच्यावर टेकते आणि समोर बघायला मान वर करता येत नाही. मागून ट्रक येतोय का ते वळून बघणं तर आणखी अवघड. सोलापूर रस्त्यावर हे चालतं? आणि पडलात तर? कण्याच्या आणि डांबराच्या मध्ये पाऊण फुटाहून लांब कडक लेन्स. मी एकदा ओल्या वळणावर घसरलोय, बॅगेत फक्त पाण्याची बाटली होती तरी आठवडाभर पाठ धरली होती.

वजन सायकलला द्या, शरीराला नको. कॅरिअरला बाजूने अडकवायची पॅनिअर, वरून गुंडाळून बंद होणारी, आणि तिच्या आत कॅमेऱ्याचा गादीचा कप्पा. ऑर्टलिब या जर्मन कंपनीची सुरुवातच १९८२ साली अशी झाली: पावसात सायकल चालवताना सामान भिजलं, समोर ट्रकची ताडपत्री दिसली, आणि तसल्याच कापडाच्या बॅगा शिवायला घेतल्या. आपल्याकडेही त्या धर्तीच्या पॅनिअर मिळतात. चेन नाही, शिवणीतून पाणी नाही.

कवडीपाटचा पांथस्थ

मीही दोन वर्षं पॅनिअर वापरली. कॅरिअर थेट चौकटीला बोल्ट केलेलं, मध्ये स्प्रिंग नाही काही नाही. रस्त्याचा प्रत्येक खड्डा जसाच्या तसा लेन्सला. एकदा तिकडे पोचून कप्पा उघडला तर लेन्सचा फिल्टर (तोंडावर आट्यांनी बसवायची काच) आपोआप आटे सुटून खाली पडलेला, काचेला काच घासलेली. पाठीवर असताना तोच खड्डा कोपर, खांदे आणि कंबर झेलतात. पडण्याची भीती मलाही आहे, नाकारत नाही. पण पडणं क्वचित, खड्डे रोज.

मध्यमवर्गी मिररलेस

हादऱ्यांचा मुद्दा खरा आहे. मोटारसायकलच्या इंजिनाच्या जोरदार कंपनांमुळे आयफोनच्या कॅमेऱ्यातली, हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपलनेच २०२१ साली दिला होता. आजच्या बऱ्याच लेन्समध्येही त्याच कामासाठी हलणारी, तरंगती भिंगं असतातच.

कॅरिअरवाला

तो इशारा मोठ्या इंजिनाच्या सततच्या कंपनाबद्दल होता. सायकलला इंजिन नाही, त्यामुळे तो दाखला इथे ओढू नका. आणि पांथस्थ, तुमच्या टायरमध्ये हवा किती होती? १०० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरून दगडासारखी सायकल चालवली तर फिल्टर सुटणारच. मी ३२ मिमी रुंदीचे टायर ६० वर ठेवतो आणि कप्प्याच्या तळाला जुनी योगाची मॅट दोन घड्या करून घालतो. लेन्स आडवी नाही, उभी, तोंड वर. आजवर एक स्क्रू ढिला झालेला नाही.

रत्नांग्रीची

मला मूळ मुद्दाच पटलेला नाही. मी रत्नागिरीत राहते, त्यामुळे दमट हवा काय असते ते मला सांगू नका. माझा कॅमेरा बॅगेतच असतो, कारण बॅग दाराशी तयार असली तरच तो बाहेर पडतो. डब्यात गेलेला कॅमेरा डब्यातच राहतो. खिडकीतून सोनेरी उजेड दिसला, दोन मिनिटांत भाट्याच्या पुलाकडे सायकल मारली, असं डब्यातून होत नाही. बुरशीवर सगळ्यात चांगला उपाय रोजचा वापर: उजेड आणि हवा. तुमचा सहा आठवडे पडून राहिला म्हणून बुरशी आली. दोष पडून राहण्याचा, बॅगेचा नाही.

कवडीपाटचा पांथस्थ

ताई, रोज वापर होत असेल तर तुमचं बरोबर आहे. पण नोकरी करणाऱ्याचा कॅमेरा पावसाळ्यात महिनामहिना निघत नाही. साधा आर्द्रतामापक बॅगेत ठेवून बघा. मी ठेवला होता: ऑगस्टमध्ये बॅगेत ७८ टक्के, त्याच दिवशी डब्यात ४५. बुरशी साधारण ६० च्या पुढे जोर धरते, ४० ते ५० च्या मध्ये ठेवलेलं बरं. सिलिका जेलच्या पुड्या कापडी बॅगेत टाकून उपयोग नाही, त्या सगळ्या खोलीचं पाणी पीत बसतात. निळे दाणे गुलाबी झाले म्हणजे भरले. पुन्हा तापवून निळे होतात.

रत्नांग्रीची

मापक मागवते. आकडा इथेच लिहीन, माझ्या विरुद्ध गेला तरी.

घाटवाट

दोघेही पावसाच्या कव्हरबद्दल बोलला नाहीत. पाठीवरच्या बॅगेचं कव्हर फक्त बाहेरून असतं, पाठीकडची बाजू उघडीच. घाम तिकडून जातो, आणि मागच्या चाकाचं उडालेलं पाणी कव्हरच्या तळाशी साठून बॅग त्यात बसते. मडगार्ड लावा, नाहीतर आत एक साधी जाड प्लास्टिकची पिशवी. माझं मत पॅनिअरला. पण लेन्स छोटी असेल तर दोन्ही नको, कमरेची पिशवी पुरते.

कॅरिअरवाला

पांथस्थ, एक सुचवतो. पॅनिअरमधला गादीचा कप्पा सुटा निघतो. घरी आल्यावर तो कॅमेऱ्यासकट उचलून मोठ्या हवाबंद डब्यात ठेवा. ताईंची तयारीही राहील, तुमचा ४५ चा आकडाही.

कवडीपाटचा पांथस्थ

ओला फोम डब्यात घातला तर तुम्ही डब्यातच दमट हवा कोंडली. कप्पा वेगळा वाळवायलाच लागेल. पण दोन कप्पे ठेवले, एक डब्यात कोरडा आणि एक सायकलवर, तर जमू शकेल, हे मान्य करतो. टायरमधली हवा मात्र आजच तपासली: ९५ होती. रविवारी ६५ वर ठेवून, पॅनिअर लावून, योगाची मॅट घालून जातो. फिल्टरच्या कडेवर आणि लेन्सवर पेन्सिलने एक सलग रेघ मारलीय. परत आल्यावर ती जुळते का ते सांगतो.