'पान लोड झाल्यावर' म्हणजे नेमके केव्हा?

विचारणा:

वेबपाने तयार करायला शिकणाऱ्यांसाठी मराठीत टिपणे लिहिताना मी पुढील वाक्य योजले आहे: 'वेबपृष्ठ भारित झाल्यावर ग्राहक-पक्षीय संहिता स्वयंचलितपणे कार्यान्वित होते.' व्याकरणाची चूक नसूनही वर्गातल्या कोणालाच त्याचा बोध झाला नाही, आणि खरे सांगायचे तर दुसऱ्या दिवशी ते मलाही परके वाटू लागले. यातला कोणता शब्द बदलावा?

प्रतिसाद:

जवळजवळ सगळेच. 'भारित' हा शब्द भौतिकशास्त्राने विद्युतभार असलेल्या कणांसाठी केव्हाच घेऊन टाकला आहे, आणि लोडशेडिंगला आपण 'भारनियमन' म्हणतो तेथेही भार विजेचाच आहे. त्यापेक्षा 'लोड होणे' हे रूढ क्रियापद बरे. बैठकीवरच्या लोड-तक्क्यांशी त्याची गल्लत कोणी करणार नाही. 'संहिता' म्हटले की नाटकाची किंवा कायद्याची आठवते, म्हणून पानासोबत येणाऱ्या आणि ब्राउझरने पाळायच्या आज्ञांसाठी 'स्क्रिप्ट' हाच शब्द ठेवावा आणि तो स्त्रीलिंगी चालवावा. 'ग्राहक' तर येथे सरळ दिशाभूल करतो, कारण क्लायंट म्हणजे पानासमोर बसलेला माणूस नव्हे, तर सर्व्हरकडे, म्हणजे पाने पुरवणाऱ्या संगणकाकडे, पान मागणारा ब्राउझर.

परंतु आपल्या वाक्यातला खरा घोटाळा 'झाल्यावर' या साध्या शब्दात आहे, कारण पान लोड होणे ही एका क्षणाची गोष्ट नाही. ब्राउझर एचटीएमएल, म्हणजे पानात काय काय आहे ते सांगणारा मूळ मजकूर, वरून खाली वाचत जातो. वाटेत साधी स्क्रिप्ट लागली की वाचन थांबवून आधी ती चालवतो. म्हणून पानाच्या डोक्यावर ठेवलेली स्क्रिप्ट खालच्या बटणाचा शोध घेते, तेव्हा तिच्या लेखी ते बटण अस्तित्वातच नसते आणि हाती 'नल', म्हणजे 'काहीच नाही', येते. पुढे संपूर्ण एचटीएमएल वाचून होते, तेव्हा 'डॉमकंटेंटलोडेड' ही घटना, म्हणजे ब्राउझरने स्क्रिप्टला दिलेली खूण, घडते. चित्रे मात्र त्या वेळी वाटेतच असू शकतात. चित्रे, शैलीपत्रके (पानाचे रंगरूप ठरवणाऱ्या फाइली) असे सगळे येऊन पोहोचले की मग 'लोड' ही घटना घडते. ज्या चित्राची उंची पानात लिहून ठेवलेली नाही, त्याची मूळ उंची पहिल्या घटनेच्या वेळी विचारावी तर बहुधा शून्य मिळते आणि दुसऱ्या घटनेनंतर खरा आकडा मिळतो. विद्यार्थ्यांना हे एकदा करून दाखवावे.

हे भेद दाखवण्यासाठी नवे शब्द घडवण्याची गरज नाही, कारण मराठीची क्रियापदे ते काम आयतेच करतात. 'पान वाचून झाल्यावर' ही पहिली घटना आणि 'सगळे येऊन पोहोचल्यावर' ही दुसरी. बाहेरच्या फाइलमधली स्क्रिप्ट जोडताना 'असिंक' लिहिले असेल, तर ती 'येताच' चालते, मग वाचन कोठेही पोहोचलेले असो. 'डिफर' लिहिले असेल, तर ती 'वाचून झाल्यावर', पानातल्या क्रमाने आणि डॉमकंटेंटलोडेडच्या आधी चालते. 'डिफर'साठी काही जण 'स्थगित' सुचवतात, पण स्थगित झालेले काम पुन्हा सुरू होईलच असा भरवसा मराठी माणसाला नसतो. 'मागे ठेवलेली स्क्रिप्ट' हे मला अधिक प्रामाणिक वाटते.

आणखी एक बारकावा असा की, 'झाल्यावर चालव' असे सांगणारी ओळच जर घटना घडून गेल्यानंतर ब्राउझरच्या हाती पडली, तर ती स्क्रिप्ट कधीच चालत नाही. हे अक्षरशः वरातीमागून घोडे आहे. म्हणून आधी 'रेडीस्टेट', म्हणजे पान कोठवर लोड झाले ते सांगणारी ब्राउझरची नोंद, तपासतात: त्याचे मूल्य अजून 'लोडिंग' असेल तर वाट पाहायची, नाही तर लगेच चालवायचे. जॉन रेसिग यांनी 2006 मध्ये आणलेल्या जेक्वेरी या स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांसाठीच्या तयार संचातली 'रेडी' ही सोय लोकांना आवडली, त्यामागे हेही एक कारण असावे. उशिरा सांगितलेले कामही ती वाया जाऊ देत नाही.

मूळ विचारणाकर्त्याचे उत्तर:

मनःपूर्वक आभार. आता वाक्य असे केले आहे: 'पान वाचून झाल्यावर स्क्रिप्ट वापरकर्त्याच्या बाजूने आपोआप चालते.' यात काही खटकते का?

प्रतिसाद:

'आपोआप' चांगला आहे; 'स्वयंचलित' हे विशेषण दरवाजांना आणि जिन्यांना राहू द्यावे. मात्र 'वाचून' म्हणताच वाचणारा कोण हे सांगावे लागेल, नाही तर आपण पान वाचून संपवेपर्यंत स्क्रिप्ट ताटकळत राहते असे कोणाला तरी वाटेल. 'बाजूने' तर अवश्य काढावे, कारण मराठीत कोणाच्या बाजूने म्हणजे त्याचा पक्ष घेऊन. वापरकर्त्याला नको असलेली जाहिरात पान उघडताच समोर आणणारी स्क्रिप्टही याच रीतीने चालते, आणि ती काही त्याची बाजू घेत नाही. 'ब्राउझरचे पान वाचून झाले की स्क्रिप्ट त्याच ब्राउझरमध्ये आपोआप चालते' असे लिहावे.