राजदूत 350: दोन्ही कार्ब्युरेटर जुळवले तरी उजवा प्लग काळाच, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बाबांची राजदूत 350 आहे, 1986ची, लो टॉर्क (म्हणजे कमी ताकदीचं मॉडेल). सहा वर्षं मागच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी होती. बाबा येत्या 31 तारखेला निवृत्त होतायत. त्या दिवशी त्यांनी ऑफिसातून हिच्यावरूनच घरी यावं, अशी माझी फार इच्छा आहे.

अडचण अशी की आयडलिंगला उजवा सिलिंडर मिसिंग करतो. चारेक किलोमीटर फिरवून प्लग काढले की डावा चहाच्या रंगाचा, म्हणजे ठीक; उजवा काळा आणि ओला, म्हणजे तिकडे पेट्रोल किंवा ऑइल जादा जळतंय. धूरही उजव्या सायलेन्सरमधूनच जास्त. प्लग दोन्ही नवे, एनजीके बी8एचएस. आपसांत बदलून पाहिले, तरी उजवीकडचाच काळा होतो.

हिचे दोन्ही सिलिंडरचे पॉइंट (ठिणगीची वेळ ठरवणारे संपर्क) वेगळे असतात, म्हणून आधी त्यांचा गॅप 0.35 मिमी केला, टायमिंगही लावलं. मग कार्ब्युरेटर उघडून पायलट जेट, मेन जेट साफ केले, फ्लोटची उंची दोन्हीकडे सारखी केली, एअर स्क्रू दीड-दीड आटे बाहेर. स्लाइड (अ‍ॅक्सिलरेटरसोबत वर-खाली होणारी कार्ब्युरेटरची झडप) जुळवायला एअर फिल्टर काढून दोन्ही कार्ब्युरेटरच्या तोंडात एकेक बोट घातलं आणि धाकट्या भावाला अ‍ॅक्सिलरेटर अगदी हळू फिरवायला सांगितलं. पहिल्यांदा उजवी स्लाइड केसभर आधी उचलत होती. केबलचा अ‍ॅडजस्टर फिरवत फिरवत तासाभराने दोन्ही एकदम हलल्या, आणि सोडल्यावर दोन्हींचा मिळून एकच ‘टक्’ आला. इंजिनात टू-स्ट्रोक ऑइल सोडणाऱ्या ऑइल पंपाची केबल त्यानंतर खुणेवर आणली. पिकअप लगेच सुधारला, पण उजवीकडचा काळेपणा तसाच.

मग दोन्हीकडचे जेट आणि सुया अदलाबदल केल्या. दोष जेटमध्ये असता तर डावीकडे गेला असता. गेला नाही.

आता तीन शंका आहेत. एक, चोकचा प्लंजर (थंड इंजिनाला जादा पेट्रोल सोडणारा दट्ट्या) नीट बसत नसेल आणि उजवीकडे पेट्रोल सतत जादा जात असेल. दोन, ऑइल पंपाच्या उजव्या नळीचा चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने ऑइल जाऊ देणारी झडप) गळत असेल. तीन, आणि भीती हीच आहे, क्रँकचं उजवं ऑइल सील गेलं असेल. क्लच त्याच बाजूला, त्यामुळे सील गेलं की गिअर ऑइल थेट क्रँककेसमध्ये (क्रँकभोवतीच्या इंजिनाच्या पेटीत) ओढलं जातं आणि उजव्या सिलिंडरमध्ये जळतं. काल गिअर ऑइल काढून मोजलं, तर महिन्यापूर्वी टाकल्यापेक्षा स्पष्ट कमी भरलं. बाहेर गळती कुठेच नाही.

इथले मेकॅनिक म्हणतात, कार्ब्युरेटरची जोडीच नवी टाका. मला ते पटत नाही. मूळ मिकुनी आहेत, स्लाइडवर एक ओरखडा नाही.

ज्यांनी हे इंजिन स्वतः उघडलंय त्यांनी कृपया सांगा: गिअर ऑइल कमी होतंय म्हणजे सीलच धरायचं का, की आधी चोकचा प्लंजर पक्का तपासावा? तो घरी कसा तपासायचा? आणि उजवं सील क्रँककेस न फोडता बदलता येतं का? हातात 19 दिवस आहेत.