खांडीचा राक्षस काढतेय, पण अंगात येत नाहीये

खाडीकाठची
आमच्या चित्रकार मंडळींनी या महिन्याला आव्हान ठेवलंय: स्वतःचा राक्षस काढा. पुराणातला, लोककथेतला, सिनेमातला चालणार नाही. ए३ कागद, फक्त शाई, मुदत रविवारी रात्रीपर्यंत.

विषय मला शोधावा लागला नाही. माझं माहेर पेणच्या खारेपाटात, खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात. आमचं शेत उधाणाच्या पाण्यापेक्षा खाली, आणि मधे नुसता मातीचा बांध. मी सातवीत होते तेव्हा पिठोरी अमावास्येच्या उधाणाला त्या बांधाला खांड पडली, म्हणजे तो फुटून भगदाड पडलं. सकाळी गेलो तर भाताचे शेंडे तेवढे वर, बाकी सगळं खारं पाणी. पुढची तीन वर्षं तिथे धड भात झाला नाही. उन्हाळ्यात जमीन सुकली की वर पांढरा थर यायचा. आजी वाकून तो बोटावर घ्यायची, जिभेला लावायची, थुंकायची आणि न बोलता घरी चालू लागायची. मला त्या खांडीचा राक्षस काढायचाय.

सहा स्केचेस झाली. मगरीचा जबडा, चिंबोरीच्या नांग्या, तिवराच्या मुळांचे केस, पाठीवर कालवं. सगळं खाडीतलंच आहे, तरी एकत्र आल्यावर कुठल्याही व्हिडिओ गेममधला वाटतो. आजीने बघितला तर ओळखणार नाही, आणि हेच मला सलतंय. काय चुकतंय?

बोरू_आणि_दौत
ताई, सहाही स्केचेस बाहेरच्या रेषेच्या आत काळ्या शाईने भरून टाका आणि भिंतीला लावून दहा पावलं मागे जा. नुसत्या काळ्या आकारावरून जो ओळखू येईल तो ठेवा. बहुतेक एकही येणार नाही, कारण प्रत्येकात चार-चार प्राण्यांची भर आहे. देवळाच्या उंबऱ्यावरचं कीर्तिमुख आठवा. भर घालून ते भयंकर झालेलं नाही. शंकराच्या सांगण्यावरून त्याने स्वतःचंच शरीर खाल्लं, म्हणून उरलाय फक्त चेहरा, आणि बहुतेक ठिकाणी खालचा जबडासुद्धा नाही. जे घडलं तेच त्याचं रूप झालं.

दुसरं, मापाचं. जंजिऱ्याच्या दरवाजावरचं शिल्प तुमच्याकडून लांब नाही. त्या वाघासारख्या जनावराच्या पंजांत हत्ती धरलेत. जनावर केवढं ते दगडात कुठे लिहिलेलं नाही, पण हत्ती केवढा हे आपल्याला ठाऊक आहे. तुमच्या चित्रात हत्तीच्या जागी काय आहे?

उघाडीवाला
मी चित्रकार नाही, खारजमीन कसणारा आहे. ताई, तुमच्या राक्षसाला जबडा कशाला? लाट आली आणि बांध फुटला, असं दर वेळी होत नाही. चिंबोरी बांधात बीळ करते. उंदीरही करतात. बिळातून पाण्याची करंगळीएवढी धार आत झिरपते, धारेबरोबर माती जाते, भोक मुठीएवढं होतं. तोवर कुणाला दिसलं तर चिखलाचा गोळा आणि पेंढा कोंबून भागतं. नाही दिसलं तर वरची माती खचते, मग अख्खं गाव आठवडाभर लागलं तरी खांड बांधून होत नाही. माझे वडील उधाणाच्या दिवसांत कंदील घेऊन बांधाच्या आतल्या बाजूने चालायचे. बाहेरच्या बाजूने नाही, आतल्या. कान मातीकडे. झिरपणाऱ्या पाण्याचा आवाज येतो.

वेळही नीट धरा. आमच्याकडे तिथीच्या पाऊणपट भरतीची वेळ काढतात. अमावास्या म्हणजे पंधरा, पाऊणपट केली की सव्वाअकरा. म्हणजे मोठं उधाण भर दुपारच्या आणि मध्यरात्रीच्या सुमाराला. दुपारचं दिसतं. तुमची खांड रात्रीची असणार.

आणि डोळे हवेच असतील तर निवटीचे घ्या, चिखलात राहणारा तो मासा. डोक्याच्या अगदी वर असतात, चिखलातून तेवढेच बाहेर. सुकायला लागले की आत ओढून ओले करते आणि पुन्हा वर काढते.

जलरंगी
मिठाचा थर मिठानेच उठवता येईल. ओल्या वॉशची, म्हणजे पाणी घातलेल्या पातळ रंगाच्या थराची, चकाकी जायला लागली की खडेमीठ भुरभुरायचं, पूर्ण वाळल्यावर झटकायचं. प्रत्येक खड्याभोवती फिकट फूल उमटतं. मी जलरंगात करते. तुमच्या शाईवर आधी कागदाच्या तुकड्यावर करून बघा, आणि वॉश नियमात बसतो का तेही विचारा.

खाडीकाठची
उघाडीवाले दादा, तुमचं वाचून मी आईला फोन केला. ती म्हणाली, त्या रात्री आजी दोनदा उठली होती, "पाणी बोलतंय" म्हणत होती, आणि सगळ्यांनी तिला झोपवलं. हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

सहाही स्केचेस बाजूला ठेवली. आता कागद आडवा घेतलाय. खालचा दोन तृतीयांश भाग म्हणजे बांधाची आतली बाजू, नुसती माती, बोरूच्या आडव्या रेघांनी भरत चाललेय. वर काठावर आजी, अंगठ्याच्या नखाएवढी, हातात कंदील. बोरूदादा, हत्तीच्या जागी तीच. बांधाच्या पोटात मुठीएवढं भोक आणि भोकात वर सरकलेले दोन डोळे, त्यातला एक अर्धा आत ओढलेला. अंग काढलंच नाहीये. भोकापासून मातीत पसरत जाणारी ओल एवढंच त्याचं अंग, आणि ती ओल आजीच्या पायांखालपर्यंत पोचलीय. काळ्या आकारात भरून बघितलं, दहा पावलांवरून बांध आणि भोक दोन्ही कळतात. वॉश चालतो म्हणालेत. खडेमीठ त्या ओलीवर टाकणार आहे, तुकड्यावर फूल छान उमटलंय.

एकच अडलंय. कंदिलाचा उजेड भोकापर्यंत पोचवू की अलीकडेच थांबवू? पोचवला तर डोळे चमकतील, पण मग आजीला तो दिसला असं होईल. दादा, वडील कंदील किती खाली धरायचे?

उघाडीवाला
गुडघ्याच्या खाली. उजेड पायापुरताच पडायचा. अलीकडेच थांबवा.