दीड हजार रुपये, कारखान्यातली नोकरी की सातबाऱ्यावर नाव?

धागाकर्ती : अजनीची अभ्यासक

जुलै २०२४ पासून महाराष्ट्रात मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना सुरू झाली आणि अडीच लाखांच्या आत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या, २१ ते ६५ वर्षे वयाच्या स्त्रियांच्या खात्यात दरमहा १,५०० रुपये जमा होऊ लागले. योजना जाहीर करताना वर्षाला सुमारे ४६ हजार कोटी रुपयांचा खर्च गृहीत धरला होता. तेव्हापासून नागपुरात या विषयावर दोन मते सतत ऐकू येतात. हा पैसा उद्योगांत घातला असता तर स्त्रियांना कामे मिळाली असती, असे काहीजण म्हणतात. तिच्या हाती आयुष्यात प्रथमच काही आले आहे, ते राहू द्या, असे इतरांचे म्हणणे असते. उत्पन्न वाढले की स्त्रीचे जगणे सुधारते, हे मात्र दोन्ही बाजू धरूनच चालतात, आणि माझा आक्षेप नेमका तिथे आहे.

२००१ च्या जनगणनेत शून्य ते सहा या वयोगटात कोल्हापूर आणि सांगली या सधन जिल्ह्यांत दर हजार मुलांमागे ८६० हूनही कमी मुली होत्या, तर आपल्या विदर्भातल्याच गरीब गडचिरोलीत ९५० हून अधिक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ या वयातील रक्तक्षय असलेल्या स्त्रियांचे प्रमाण महाराष्ट्रात २०१५-१६ मध्ये ४८ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ५४.२ टक्क्यांवर गेले. देशातली सर्वांत मोठी अर्थव्यवस्था असलेल्या राज्याची ही स्थिती आहे. याउलट तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रदीप पांडा आणि बीना अग्रवाल यांनी केलेला, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहा. ज्या विवाहित स्त्रियांच्या नावावर घरही नव्हते आणि जमीनही नव्हती, त्यांच्यापैकी ४९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून मारहाण सोसली होती. दोन्ही नावावर असलेल्यांत हे प्रमाण सात टक्के होते. म्हणून माझे मत असे की, अनुदान आणि नोकरी या दोहोंआधी स्त्रीच्या नावावर मालमत्ता आली पाहिजे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्ती मोहिमेत सांगितले ते हेच, की गावातल्या शंभर कुटुंबांनी तरी बायकोच्या नावे जमीन करून द्यावी. ते काम अर्ध्यावर राहिले आहे.

प्रतिसाद : बुटीबोरीचा कारखानदार

ताई, आपण दिलेल्या उदाहरणातूनच माझा मुद्दा सिद्ध होतो. कोल्हापूर-सांगलीची समृद्धी उसाची, म्हणजे पुरुषांच्या नावावरच्या जमिनीची होती, स्त्रियांच्या पगाराची नव्हती. घरात पैसा आला, सोनोग्राफी यंत्र जवळ आले, पण मुलगी मिळवती होईल अशी अपेक्षा आली नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात सर्वांत आधी, १९८८ साली, कायदा करूनही महाराष्ट्राला ती घसरण थांबवता आली नाही, कारण मुलगी कुटुंबाला खर्चच वाटत राहिली.

पगार मिळू लागला की हा हिशेब बदलतो. बांगलादेशात तयार कपड्यांच्या उद्योगात सुमारे ४० लाख माणसे काम करतात आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. तिथे कारखान्यांच्या आसपासच्या गावांतील मुलींची लग्ने आणि बाळंतपणे पुढे गेली, असे अभ्यासकांना आढळले. मालमत्ता वाटायची म्हटले, तर विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याकडे वाटायला किती आहे? पाच एकर दोन मुलांत आणि दोन मुलींत वाटले, तर चौघांपैकी कोणाचेच पोट त्यावर भरणार नाही.

आपल्याकडे अडथळे कायद्यानेही उभे केले. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ६६ ने स्त्रियांना रात्री सात ते सकाळी सहा या वेळात कामावर ठेवण्यास मनाई केली. हेतू संरक्षणाचा असला तरी तीन पाळ्यांच्या कारखान्याने स्त्रियांना घेऊच नये, असा त्याचा परिणाम झाला.

प्रतिसाद : हिंगणा रोडची कामगार कार्यकर्ती

दादा, बांगलादेशाचे नाव घेतलेत तर २४ एप्रिल २०१३ हा दिवसही सांगितला पाहिजे. सावरमधील राणा प्लाझा ही इमारत कोसळून १,१०० हून अधिक कामगार मेले. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकाने बंद झाली, आणि वरच्या कपडे कारखान्यांतील कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावले गेले. पगाराने मुलींची लग्ने लांबली हे मला मान्य आहे, पण कामाच्या जागी ‘नाही’ म्हणण्याची ताकद त्या पगाराने त्यांना दिली नव्हती. ती संघटनेने येते.

हे नागपूरकरांना नवे नसावे. जुलै १९४२ मध्ये याच शहरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरली. समाजाची प्रगती मी स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असे बाबासाहेबांनी तिथेच सांगितले. ते वाक्य भाषणांत नेहमी येते. त्या परिषदेने गिरण्या आणि विडी कारखान्यांतील स्त्रियांसाठी रजा, अपघाताची भरपाई आणि निवृत्तिवेतन मागितले होते, हे मात्र फार कमी जण सांगतात. काम तर त्या स्त्रियांकडे होतेच. त्या कामाच्या अटींविषयी बोलत होत्या.

आणखी एक गोष्ट आपल्या दोघांच्याही मांडणीतून सुटली आहे, ती म्हणजे वेळ. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनमोबदल्याच्या घरकामात स्त्रिया दिवसाला २८९ मिनिटे घालवतात आणि हे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे. जवळजवळ पाच तासांचे हे काम आटोपून जी बाई कंपनीच्या गेटवर सकाळच्या पाळीला उभी राहते, तिच्या अंगात रक्त कमी का, हे वेगळे शोधायला नको. देशात १५ वर्षांवरील स्त्रियांचा श्रमसहभाग २०१७-१८ मधील २३.३ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेला म्हणून आनंद व्यक्त होतो, पण त्यातल्या फार मोठ्या संख्येने स्त्रिया घरच्या शेतात किंवा दुकानात पगाराविना राबणाऱ्या आहेत.

प्रतिसाद : काटोलची शेतकरी

सातबाऱ्यावर नाव आले की बाई मोकळी होते, असे जमीन न कसणाऱ्यांनाच वाटू शकते. नवरा गेल्यावर माझे नाव सातबाऱ्यावर लागले. त्यासाठी वारस नोंद आणि फेरफार यांपायी तलाठी कार्यालयाच्या किती चकरा झाल्या ते बाजूला ठेवते. पण नावासोबत सोसायटीच्या कर्जाचा बोजाही आला, आणि कापसाचा भाव बाईच्या नावावर जमीन आहे म्हणून चढत नाही. शरद जोशींचे नाव आपण घेतलेत, तर शेतीमालाच्या भावाचा त्यांचा मुद्दाही सोबत घ्या. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी स्त्रियांचे अधिवेशन भरले, ते स्त्रीचा प्रश्न शेतीच्या लुटीपासून वेगळा काढता येत नाही हे धरूनच.

दीड हजारांविषयी शहरातली माणसे फार हलके बोलतात. माझ्या गावात निंदणाला जाणारी बाई रोजी मिळाली की घरी देते, आणि वेचणीचे पैसे कितीदा तरी नवऱ्याच्या हाती मोजले जातात. खात्यात येणारा हा पैसा कोणी कमावून दिलेला नाही आणि कोणाला मागावा लागत नाही. त्यातून तिने डोळे तपासून घेतले, तर ती त्यासाठी परवानगी मागत नाही. मला हा पैसा नोकरीच्या बदल्यात नको, पण नोकरी येईपर्यंत तो बंद करा, असे सांगणाऱ्यांनी आधी काटोलच्या परिसरात बायकांसाठी नोकरी दाखवावी.

धागाकर्ती : अजनीची अभ्यासक

काटोलच्या ताईंचा बोज्याचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, पण त्याने माझा मुद्दा कमकुवत होत नाही. जमीन नावावर नसलेल्या विधवेलाही ते कर्ज सुटत नाही. फक्त ते फेडताना जमिनीचे काय करायचे हे दीर ठरवतो. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना समान वाटा महाराष्ट्राने १९९४ साली दिला, केंद्राने २००५ साली, आणि तरीही माहेरी हक्कसोड पत्रावर सही करून देणे हे आजही चांगल्या मुलीचे लक्षण मानले जाते. लिखित हक्क आणि प्रत्यक्ष ताबा यांतले हे अंतर कारखाना उघडल्याने कमी होणार नाही.

प्रतिसाद : बुटीबोरीचा कारखानदार

मी व्यवहाराचे सांगतो. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली आणि ५० किंवा अधिक कामगार असतील तिथे पाळणाघर सक्तीचे झाले. तो सगळा भार मालकावर टाकल्यावर लहान कारखानदार स्त्रीला घेताना विचार करणारच. पाळणाघर औद्योगिक वसाहतीत सामाईक असावे आणि त्याचा खर्च सरकारने उचलावा. दीड हजारांपेक्षा तो पैसा जास्त उपयोगी पडेल.

प्रतिसाद : हिंगणा रोडची कामगार कार्यकर्ती

सामाईक पाळणाघराची मागणी लेखी करा, आमची संघटना त्यावर सही करील. रजेच्या भाराविषयी मात्र आपले म्हणणे बरोबर नाही. दहा किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात महिना २१ हजारांपर्यंत वेतन असलेला कामगार कर्मचारी राज्य विमा योजनेत (ईएसआय) येतो, आणि अशा स्त्रीच्या प्रसूती रजेचे वेतन विमा महामंडळ देते, मालक नव्हे. आपल्या वसाहतीत यंत्रावर काम करणाऱ्या बहुतेक बायकांचा पगार या मर्यादेच्या आतच आहे. मग त्यांना कंत्राटदाराच्या नोंदवहीत ठेवून विम्याचे कार्डही का काढून दिले जात नाही, याचे उत्तर इथे द्यावे.