मेट्रो स्थानकांच्या नावांचे हक्क: हद्द कुठे आखावी?

वरळीकर:
मुंबईत आरे ते कफ परेड या मेट्रो ३ मार्गिकेवरील काही स्थानकांच्या नावांआधी, त्यासाठी पैसे मोजणाऱ्या कंपन्यांची नावे आली आहेत. ‘कोटक बीकेसी’ (वांद्रे-कुर्ला संकुल) मला फारसे खटकत नाही. परंतु वरळीत ‘निप्पॉन इंडिया एमएफ आचार्य अत्रे चौक’ असे वाचावे लागते, तेव्हा मन तयार होत नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ‘मराठा’ दैनिकातून रान उठवणाऱ्या माणसाच्या नावाआधी म्युच्युअल फंडाचे नाव लावण्याइतकी निकड खरोखरच आहे का?

जमाखर्च:
निकड आहे. साडेतेहतीस किलोमीटरच्या या भुयारी मार्गाचा खर्च ३७ हजार कोटी रुपयांच्या वर गेला असून त्यासाठी जपानच्या ‘जायका’ या सरकारी अर्थसाहाय्य संस्थेकडून मोठे कर्ज घेतलेले आहे. वातानुकूलन, सरकते जिने, पाणी उपसणारे पंप यांचा रोजचा खर्च निव्वळ तिकिटांतून भागवायचा म्हटले, तर भाडे वाढवावे लागेल आणि त्याचा भार रोज प्रवास करणाऱ्यांवरच पडेल.

नगररचना अभ्यासक:
उत्पन्न हवे हे मान्य. पण ते बेभरवशाचे असते. अमेरिकेतील मायामी-डेड काउंटीने (जिल्हा प्रशासनाने) आपल्या मालकीच्या बंदिस्त क्रीडागृहाच्या नावाचे हक्क २०२१ मध्ये एफटीएक्स या आभासी चलनाच्या कंपनीला १९ वर्षांसाठी, १३.५ कोटी डॉलरना दिले. नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि ते नाव काउंटीलाच उतरवावे लागले. माद्रिदमधील ‘सोल’ स्थानक २०१३ मध्ये ‘व्होडाफोन सोल’ झाले. करार संपल्यावर २०१६ मध्ये मूळ नाव परत आले.

वरळीकर:
म्हणजे कंपनी टिको वा बुडो, जागेचे नाव लोकांच्या तोंडी राहतेच. मग ते विकायचेच कशाला? स्थानकातील भिंती, खांब, दुकानांचे गाळे जाहिरातींसाठी खुशाल द्यावेत.

नगररचना अभ्यासक:
भिंतींच्या तुलनेत नावाला जास्त पैसे मिळतात, कारण ते नकाशावर, उद्घोषणेत आणि पत्ता सांगताना पुन्हापुन्हा येते. आणि नेमके म्हणूनच ते जपले पाहिजे. माझ्या मते व्यक्तींच्या आणि देवस्थानांच्या नावांना हात लावू नये. ‘आयसीआयसीआय लोम्बार्ड सिद्धिविनायक’ हेही त्यात आले. इतरत्र जागेचे नाव आधी व ठळक, प्रायोजकाचे नंतर व लहान अक्षरांत असावे, उद्घोषणेत फक्त जागेचेच नाव असावे आणि कराराची रक्कम व मुदत स्थानकाच्या प्रवेशद्वाराशी मराठीत लावावी.