मदत हवी आहे: तिसरीतल्या मुलाला वेलांटी, रफार वाचताना अडतं

जिल्हा परिषद शाळा, तिसरी, पट ३४. एका मुलाला विशिष्ट अध्ययन अक्षमता (बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखनात अडचण) असल्याचं तपासणीत आलंय. तोंडी उत्तरं चटकन देतो, गणित पक्कं. पण 'कविता'चं 'कीवता' वाचतो, 'पर्वत'चं 'पव्रत'. घ-ध, भ-म यांत गोंधळ. फळ्यावरचं उतरवताना अर्ध्यात थांबतो. विशेष शिक्षिका आठवड्यातून एकदाच येतात. वर्ग न थांबवता रोज काय करता येईल?

प्रतिसाद १
ताई, 'कीवता' होतं कारण पहिली वेलांटी लिहायची अक्षराआधी आणि म्हणायची नंतर. तिची काठी क आणि व यांच्या मध्ये येते, मूल ती मागच्या क ला जोडतं. म्हणून क्रम बदला. आधी गवत, बदक असे साधे शब्द, मग काना, मग दुसरी वेलांटी. पहिली वेलांटी त्यानंतरच. कार्डावर व्यंजन काळं, वेलांटी लाल, आणि तिची कमान व च्या डोक्यावर पूर्ण पोचू द्या. छापील अक्षरांत ती बरेचदा आखूड असते. रोज १० मिनिटं, ५ शब्द, त्यांतले ३ कालचे. एकदम वीस दिलेत तर तो अंदाजाने वाचायला लागेल.
घ पक्का होईस्तोवर ध चा शब्द आणूच नका. दोन्ही शेजारी ठेवून फरक समजावला की गोंधळ वाढतो.

प्रतिसाद २
रफारासाठी आधी ऐकवा: पर्-वत. र् वर टाळी. टाळीनंतर जे अक्षर ऐकू येईल त्याच्या डोक्यावर रफार.
फळ्यावरून उतरवणं मात्र थांबवा. मान खाली घालेपर्यंत ओळ मनातून निसटते, मूल आळशी नसतं. तोच मजकूर मोठ्या अक्षरांत (१८ पॉइंट), ओळींत मोकळं अंतर ठेवून बाकावर द्या. पुठ्ठ्याला एका ओळीएवढी खिडकी कापून दिलीत तर ओळ चुकत नाही. प्रकट वाचनाच्या चार ओळी आदल्या दिवशी घरी द्या, अचानक उभं करू नका. परिसर अभ्यासात शुद्धलेखनाचे गुण कापू नका. अक्षमतेचं प्रमाणपत्र लागेल ते परीक्षेतल्या सवलतींसाठी, यातल्या कशासाठीही नाही.

धागाकर्ती
आभार. पण वाचताना शेजारी जोडीदार दिला तर तो सगळा शब्दच सांगून टाकतो.

प्रतिसाद १
मग जोडीदाराचं काम ठरवून द्या: मनात ५ मोजायचे, तरी अडलं तर फक्त पहिला आवाज सांगायचा. जोड्या अख्ख्या वर्गाच्या लावा आणि दर सोमवारी बदला, नाहीतर 'याला मदत लागते' हे कपाळी चिकटतं. गणिताच्या तासाला सांगणारा हा मुलगा असू दे.